अनुभव धागा: पंतप्रधान अतिदक्षता विभागात होते, त्या आठवड्यात तुम्ही काय पाहिले?

२७ मार्च २०२० रोजी ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी चित्रफितीतून आपल्याला करोनाची लागण झाल्याचे स्वतःच सांगितले. ५ एप्रिलला त्यांना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात दाखल करण्यात आले, ६ तारखेच्या संध्याकाळी अतिदक्षता विभागात हलवले गेले, ९ तारखेला ते तेथून बाहेर आले आणि १२ तारखेला, ईस्टरच्या रविवारी, त्यांना रुग्णालयातून सोडण्यात आले. हा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. त्या आठवड्यातील बातम्यांत मात्र प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे दिसली: डोळे मिटून प्रार्थना करणारी आणि केले ते भोगले म्हणणारी. माझ्या परिचयातील बहुतेक लोक यांपैकी कोणत्याच बाजूला नव्हते. त्यांना या माणसाची मनापासून काळजी वाटत होती आणि त्याच्या कारभाराचा तितकाच संतापही येत होता. त्यांनी लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे. पक्षीय वाद टाळून स्वतः पाहिलेले, अनुभवलेले सांगावे, एवढीच विनंती.

मी रेडिंगमध्ये राहतो. ७ एप्रिलला, मंगळवारी, रात्री ८ वाजता पंतप्रधानांसाठी टाळ्या वाजवाव्यात, असे आवाहन समाजमाध्यमांवर फिरत होते. आरोग्यसेवकांसाठी गुरुवारी टाळ्या वाजवायला आमची अख्खी गल्ली दारात येत असे. त्या मंगळवारी मोजकीच दारे उघडली. शेजारचे आजोबा जन्मभर मजूर पक्षाला मत देत आलेले. ते बाहेर आले, पण हात खिशातच ठेवून कुंपणापाशी उभे राहिले. टाळ्या कामासाठी वाजवायच्या असतात, आजारपणासाठी नाही, असे ते ठामपणे म्हणाले, आणि पुढच्याच श्वासात त्यांनी मला विचारले, की त्याच्या घरी बाळ येणार आहे ना, त्या मुलीजवळ कोणी आहे का?

परिचारिका, लंडन

मी तेव्हा लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करत होते; सेंट थॉमसमध्ये नव्हे. एरवी आमच्याकडे गंभीर रुग्णामागे एक परिचारिका असा दंडक असतो. त्या दिवसांत तो मोडला होता, आणि ऑपरेशन थिएटरमधून, बाह्यरुग्ण विभागातून, अगदी लहान मुलांच्या वॉर्डातून आलेल्या सहकाऱ्यांना हाताशी धरून आम्ही एकेक जण कितीतरी रुग्ण सांभाळत होतो. मास्क आणि चेहऱ्यावरच्या पारदर्शक पडद्यामुळे कोण कोण आहे ते कळत नसे, म्हणून प्लॅस्टिकच्या एप्रनवर मार्करने नाव लिहायचे. रुग्णाला पालथे करायचे असेल तर सहा-सात जण लागत: डोक्याशी भूलतज्ज्ञ, त्यांच्या हातात श्वासनलिकेत घातलेली नळी, दोन्ही बाजूंना आम्ही, आणि त्यांनी तीन म्हटले की सर्वांनी एकदम वळवायचे. त्या क्षणी नळी निसटली तर जिवावर बेतणार, हे प्रत्येकाला माहीत असे.

पंतप्रधानांना अतिदक्षता विभागात हलवल्याची बातमी आमच्या विश्रांतीच्या खोलीत टीव्हीवर आली, तेव्हा कोणी मोठ्याने काही बोलले नाही. आमच्या ज्येष्ठ सिस्टर एवढेच म्हणाल्या, की आज त्यांच्या उशाशी जी कोणी असेल, तिच्यावर किती दडपण असेल! आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहिली होती. मला राग नव्हता असे नाही. करोनाचे रुग्ण असलेल्या रुग्णालयात आपण सर्वांशी हस्तांदोलन केले, असे त्यांनी ३ मार्चच्या पत्रकार परिषदेत सांगितले होते आणि ते ऐकून आमच्यापैकी अनेकींनी डोक्याला हात लावला होता. पण पाळीवर असताना खाटेवरच्या माणसाचा प्राणवायू किती, रक्तदाब किती, एवढेच बघायचे असते. त्याने कोणाला काय सांगितले होते, याचा हिशेब तिथे होत नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी न्यूझीलंडची जेनी आणि पोर्तुगालचा लुईस या दोघांचे नाव घेऊन आभार मानले, तेव्हा आमच्या विभागातील परदेशातून आलेल्या मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. त्या वेळी व्हिसावर आलेल्या परिचारिकेलाही याच आरोग्यसेवेचा लाभ घेण्यासाठी वर्षाला ४०० पौंडांचा अधिभार भरावा लागत असे. २० मे रोजी पंतप्रधानांनी संसदेत त्याचे समर्थन केले आणि चहूकडून टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळण्याचा निर्णय जाहीर झाला. पुढे मे २०२१ मध्ये त्याच जेनी मॅगी यांनी नोकरी सोडली, आणि परिचारिकांना योग्य तो मान आणि मोबदला मिळत नसल्याचे उघडपणे सांगितले. सरकारने तेव्हा १ टक्का पगारवाढ सुचवली होती. पंतप्रधानांविषयीचा माझा खरा राग हा आहे, आणि तो त्यांच्या आजारपणानंतरचा आहे.

आई, पुणे

माझा मुलगा मँचेस्टरला शिकत होता. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता आम्ही सोसायटीत सगळ्यांनी दिवे मालवून गॅलरीत पणत्या लावल्या होत्या. सकाळी उठून पाहते तो तिथले पंतप्रधान रुग्णालयात. ज्याच्या दिमतीला डॉक्टरांची फौज आहे त्याची ही गत, तर एका खोलीत एकट्या राहणाऱ्या माझ्या लेकराला कोण बघणार, या विचाराने मी हाय खाल्ली. विमाने बंद होती. मी त्याला रोज व्हिडिओ कॉलवर जिना चढून यायला लावायची आणि वर आल्यावर मनाचा एक श्लोक न थांबता म्हणायला सांगायची, म्हणजे धाप लागते का ते मला कळे. तो कंटाळायचा, पण पंतप्रधानांची बातमी आल्यापासून त्याने एकदाही नाही म्हटले नाही.

जनरल प्रॅक्टिशनर, लेस्टर

वरच्या आईंनी केले ते योग्यच होते. या आजाराचा घात दुसऱ्या आठवड्यात होत असे. पहिले काही दिवस ताप-खोकला, मग थोडे बरे वाटते आणि त्यानंतर काहींच्या फुप्फुसांचा दाह एकाएकी वाढून रक्तातील प्राणवायू घसरतो; रुग्णाला स्वतःला मात्र ते पुष्कळदा जाणवतही नाही. २७ मार्चला सौम्य लक्षणे आणि ५ एप्रिलला रुग्णालय, हा प्रवास आम्हांला पाठ्यपुस्तकासारखा वाटला. ज्यांना मी फोनवर कानीकपाळी ओरडून सांगत होतो, की सातव्या-आठव्या दिवशी बरे वाटले म्हणून गाफील राहू नका, त्यांना ते त्या बातमीने पटले. विशेषतः पन्नाशीच्या आतबाहेरचे, वजन थोडे जास्त असलेले, स्वतःला धडधाकट समजणारे पुरुष आपणहून फोन करू लागले.

याची दुसरी बाजूही होती. त्याच महिन्यात रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली गेली. छातीत दुखत असूनही माणसे घरी बसून राहिली. पंतप्रधानही जिथे वाचतील की नाही याची खात्री नाही, तिथे आम्ही कशाला जाऊ, असे माझ्या एका वृद्ध रुग्णाने मला सुनावले होते. आणि हेही खरे, की तेव्हा आमच्या हातात प्राणवायू आणि शुश्रूषा यांपलीकडे फारसे काही नव्हते. डेक्सामेथासोन या औषधाने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे जूनमध्ये कळले.

वृद्धाश्रमातील कर्मचारी, लीड्स

वरचे सर्व वाचले. मला त्या आठवड्यात प्रार्थना करता आली नाही, हे स्पष्ट लिहिते. आमच्या वृद्धाश्रमात रुग्णालयातून परत पाठवलेल्या आजी-आजोबांची तपासणी झालेली नसायची, आम्हांला पातळ कागदी मास्क मिळायचे, आणि एका आठवड्यात अनेक खोल्या रिकाम्या झाल्या. टीव्हीवर एका माणसाच्या प्रकृतीची बातमी तासातासाला येत होती. आमच्याकडे गेलेले लोक मात्र रोज संध्याकाळी जाहीर होणाऱ्या आकड्यात धरलेलेच नव्हते, कारण २९ एप्रिलपर्यंत त्या आकड्यात रुग्णालयांतील मृत्यूच मोजले जात. मी पंतप्रधानांचे वाईट चिंतले नाही. पण दुःख वाटायला जी जागा लागते, ती माझ्या मनात उरलीच नव्हती.

परिचारिका, लंडन

लीड्सच्या ताईंना उत्तर नव्हे, फक्त एक गोष्ट नोंदवते. पंतप्रधान कोणत्याही खासगी रुग्णालयात गेले नाहीत. ते वेस्टमिन्स्टर पुलापलीकडच्या सार्वजनिक रुग्णालयातच होते. त्यामुळे आम्हांला बरे वाटले होते. तुमच्या आजी-आजोबांना तेवढेही मिळाले नाही, हे मला मान्य आहे.

निवृत्त शिक्षक, मँचेस्टर

या शहराने असा प्रसंग पूर्वीही पाहिला आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज शहराचा सन्मान स्वीकारण्यासाठी येथे आले, इन्फ्लुएन्झाने आडवे झाले आणि पुढचे काही दिवस टाउन हॉलमध्येच त्यांच्यावर उपचार झाले. महायुद्ध चालू होते. त्यांची प्रकृती किती गंभीर आहे, हे वृत्तपत्रांनी लोकांना कळू दिले नाही. २०२० मध्ये लपवाछपवी इतकी नव्हती, तरी मला त्याचीच आठवण झाली. रुग्णालयात नेले ते केवळ खबरदारीच्या तपासण्यांसाठी, असे सांगण्यात आले. सोमवारी दुपारी स्वतः पंतप्रधानांनी आपण उत्तम मनःस्थितीत असल्याचे ट्वीट केले आणि संध्याकाळी ते अतिदक्षता विभागात होते. त्या रात्री माझ्या ओळखीच्या लोकांना आजारापेक्षाही या गोष्टीने अधिक घाबरवले, की आता देश कोण चालवणार. इथे लिखित राज्यघटना नाही आणि पंतप्रधानांची जागा आपोआप घेणारे पदही नाही. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी काम पाहावे, हे पंतप्रधानांनी सांगितले म्हणून ठरले. तेही सांगता येण्याच्या स्थितीत ते नसते तर काय, याची चर्चा आमच्या घरात मध्यरात्रीपर्यंत चालली होती.

हॅरो, लंडन

माझे वडील त्याच आठवड्यात रुग्णालयात होते. भेटायला परवानगी नव्हती. एका सिस्टरनी फोन त्यांच्या कानाशी धरला, तेव्हा धापा टाकत त्यांनी मला विचारले, की बोरिस कसा आहे? तो बरा आहे, बाबा, असे मी सांगितले, आणि त्यांना हायसे वाटल्याचे मला आवाजावरून कळले. त्यांना त्यात आपला धीर सापडत असावा. ईस्टरनंतर ते गेले. अंत्यसंस्काराला आम्ही मोजके जण, एकमेकांपासून लांब उभे. आईला जवळ घेता आले नाही.

पंतप्रधानांना टाळेबंदीचे नियम मोडून वाढदिवसाच्या कार्यक्रमाला हजर राहिल्याबद्दल पोलिसांनी दंड केला तो १२ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे ते रुग्णालयातून बाहेर पडले त्याला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी. त्या संध्याकाळी मी खूप रडले. वडिलांनी त्यांची चौकशी केली याचे मला तेव्हाही वाईट वाटले नाही आणि आजही वाटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कोविड चौकशी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, ती मी पूर्ण ऐकली. अतिदक्षता विभागात आपल्याभोवती म्हातारी नव्हे, तर आपल्यासारखीच मध्यमवयीन माणसे होती आणि त्यांतली काही वाचणार नव्हती, असे सांगताना त्यांचा आवाज दाटून आला होता, आणि ते खोटे नव्हते असे मला वाटते. पण हे रुग्णालयांतील डॉक्टर मार्चपासून सांगत होते. ते ऐकायला स्वतः त्या खाटेवर पडावे का लागले, हा प्रश्न मी वडिलांच्या हकिकतीसह आयोगाकडे लिहून पाठवला आहे.