मदत हवी आहे: पेढीमागे खून झालाय, आरोपी फरार आहेत आणि त्यातल्या एकाला बहुतेक मी पाणी दिलंय

हिशेबवाली

नमस्कार. आयडी नवा काढलाय, जुन्या आयडीवरून निम्मी सांगली मला ओळखते.

गणपती पेठेच्या आसपास एका होलसेलच्या पेढीवर मी हिशेब बघते. नेमकी गल्ली विचारू नका. मंगळवारी संध्याकाळी आमच्या मागच्या बोळात कोयत्याने खून झाला. दोघे फरार आहेत.

ओरडा ऐकू आला तेव्हा मी टॅलीत बिलं चढवत होते. वाटलं, हमालांची बाचाबाची असेल. मग समोरची शटरं धडाधड खाली यायला लागली. दिवाणजी काकांनी आमचंही ओढलं आणि दिवे घालवले. पाऊण तास आम्ही पाच जण मिरचीच्या पोत्यांमागे. आवाज करायचा नाही आणि ठसका तर थांबत नाही. काका तोंडात उपरणं कोंबून बसले होते.

बाहेर पडलो तेव्हा चौकाचौकात नाकाबंदी. घरी पोचेपर्यंत माझ्या स्कूटीची डिकी दोनदा उघडून बघितली. तेव्हापासून रोज नवी बातमी. कोण म्हणतं अंकलीच्या पुलावर धरले, कोण म्हणतं उसात लपलेत, कोण म्हणतं म्हैसाळमार्गे कर्नाटकात गेले. आणि आम्ही रोज दहा वाजता पेढीवर हजर, कारण माल उतरायचा थांबत नाही.

आता खरी अडचण. ओरडा व्हायच्या दहाएक मिनिटं आधी एका माणसाने पाणी मागितलं. बाहेरच्या माठातलं मीच दिलं. पाणी पिऊनही तो हलला नाही, बोळाकडे बघत राहिला. जाताना ग्लास नीट उपडा ठेवून "थँक्यू ताई" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोलीस कॅमेऱ्याचं विचारायला आले. शेठ म्हणाले, बंद आहे. तो चालू आहे. ते गेल्यावर मला म्हणाले, "आपल्याला काय करायचंय त्यात? चार दिवसांनी सगळं गप होतंय."

मला सांगायचंय, पण पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते. नवरा नोकरीला बाहेरगावी, घरी सासूबाई आणि लेक. माझं नाव बाहेर जाईल का? आणि भिशीच्या ग्रुपवर 'फरार आरोपी' म्हणून एक फोटो आलाय. तो बघितल्यापासून पाणी पिणाऱ्या माणसाला त्या फोटोतलाच चेहरा चिकटलाय. तोच होता का, हे आता छातीठोक सांगता येत नाही.

कृष्णाकाठचा

ताई, शेठ म्हणतात ते ऐका. कोर्टाच्या तारखा दहा वर्षं चालतात. माझ्या मामाने पंच म्हणून एक सही केली, तो अजून हेलपाटे घालतोय.

मिरजेची_वकील

मामांचं खरं असेल, पण ताईंनी गप्प बसावं हे काही पटत नाही.

ताई, आधी तो ग्रुप म्यूट करा. चेष्टा नाही, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आरोपी सापडला की ओळख परेड होऊ शकते, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून तुम्ही त्याला ओळखायचं. साक्षीदाराने फोटो आधीच पाहिलाय म्हटल्यावर बचावाचा वकील त्याच्यावरच बोट ठेवतो. पाहिलात ते पाहिलात, ते लपवू नका. जबाबात स्पष्ट सांगा की अमुक दिवशी असा फोटो पाहिला. आणि आज रात्रीच वही घेऊन आठवेल ते लिहून काढा: उंची, कपडे, पायात काय होतं, ग्लास कुठल्या हातात होता. चेहरा नाही आठवला तर "नाही आठवत" लिहा. तिथे फोटोतला चेहरा भरू नका.

ठाण्याची पायरी चढायची गरजच नाही. जुलै 2024 पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्या कलम 179 प्रमाणे बाईला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. तुम्ही आपणहून जायचं म्हटलंत तर गोष्ट वेगळी. फोन करा आणि सांगा, जबाब घरी येऊन घ्या. त्या जबाबावर सही करायची नसते. सही मागितली तर 'कलम 181' एवढंच म्हणा.

नावाबद्दल खोटा धीर देत नाही. दोषारोपपत्र दाखल झालं की जबाबांच्या प्रती आरोपीला मिळतात. पण साक्षीदार संरक्षण योजना आहे, 2018 साली सुप्रीम कोर्टाने मंजूर केलेली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. धोका किती आहे याचा अहवाल पोलीस देतात आणि ओळख गुप्त ठेवण्यापर्यंत आदेश होऊ शकतो. धमकीची वाट बघत बसू नका, जबाबाच्या वेळीच भीती बोलून दाखवा.

डीव्हीआरवाला

मी कॅमेरे बसवतो. हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. बारकी डिस्क आणि चार कॅमेरे असले तर दहा-पंधरा दिवसांत मंगळवार गायब. शेठच्या 'चार दिवसांत गप'चा अर्थ तोच असणार.

तुम्ही स्वतः पेनड्राइव्हवर घ्यायला जाऊ नका, मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग तर नकोच. पोलीस पंचनामा करून नेतात, त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठतं त्या डब्याचं, घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे तेवढा मात्र बघून ठेवा. निम्म्या दुकानांत ते चुकलेलं असतं.

कृष्णाकाठचा

आणि शेठने कामावरून काढलं तर?

मिरजेची_वकील

काढतीलही. ते मी थांबवू शकत नाही. पण पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेत कलम 238 खाली गुन्हा आहे. हे त्यांना पेढीवरच्याच कुणी जुन्या माणसाने सांगितलं तर जास्त लागेल.

हिशेबवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस कुणाची वाट बघत होतीस?" त्यांनीच 112 लावला.

सकाळी एक हवालदार आणि एक महिला पोलीस घरी आले. दीड तास बसले. फोटोचं मी आधीच सांगून टाकलं. हवालदार जरा वैतागले, पण लिहून घेतलं. वहीचा उपयोग झाला. लिहिता लिहिता आठवलं, ग्लास त्याने डाव्या हाताने घेतला, उजवा हात पूर्ण वेळ जर्किनच्या खिशात होता. उकडत असताना जर्किन कशाला, हे मंगळवारी डोक्यात आलंच नव्हतं. सही मागितली नाही.

कॅमेऱ्याचं दिवाणजी काका शेठशी बोलले. काय बोलले माहीत नाही, पण दुपारी पोलीस पंच घेऊन आले आणि डीव्हीआर घेऊन गेले. घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं, तेवढं मी सांगितलं. शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त विचारलं, वसुलीची यादी झाली का.

माठ आता आत घेतलाय. हमाल कुरकुरतायत.

एकच राहिलं. दोघे अजून सापडलेले नाहीत आणि मला निघायला साडेसात होतात. विश्रामबागकडे त्याच वेळी कुणी जातं का? कॉलेज कॉर्नरपर्यंत सोबत मिळाली तरी चालेल. बायकांनीच व्यनि (खासगी निरोप) करा.