‘सानुकूलन’ म्हणायचं की ‘बेतणं’?

प्रश्न (दारव्हा तालुका): संगणकावर मराठी निवडली की ‘सानुकूलित करा’ (इंग्रजीत ‘कस्टमाइज’) असं दिसतं. मी गावात बचत गटाच्या बायांना संगणक शिकवते. काल एकीनं विचारलं, "ताई, सानुकूलित म्हणजे काय करा लागते?" मला सांगताच आलं नाही. ‘अनुकूल’ माहीत आहे, पण अनुकूल असतो तो वारा, पाऊस. आपण तो करत नाही. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद (मोर्शी): ‘जुळवून घेणे’. सोपा आहे, सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद (मेहकर): कळतो, पण अर्थ उलटा होतो. सून सासरी जुळवून घेते तेव्हा बदलते ती, घर नाही. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण गेलं, तेव्हा लोकांना जुळवून घ्यावं लागलं. (पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं.) लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) पडद्याची मांडणी ‘ग्नोम’ पुरवतं. २०११ मध्ये ग्नोम ३ नं जुनी मांडणी मोडली, तेव्हा काहींनी जुळवून घ्यायचं नाकारलं आणि ग्नोम २ चाच कोड घेऊन ‘माते’ नावाची जुन्या वळणाची मांडणी उभी केली.

इथं ‘बेतणे’ हवं. शिंपी अंगाचं माप घेऊन झंपर बेततो, म्हणजे बदलतं ते कापड. आमच्याकडे डवऱ्याची (पिकातलं तण काढायचं औत) पास, म्हणजे पातं, तासाच्या रुंदीप्रमाणे लहान-मोठी बसवतात. रुमणं, म्हणजे धरायची मूठ, मात्र जिथं हात जातो तिथंच. सगळंच बदलता येणारा डवरा दिला तर निम्मा दिवस तो जुळवण्यातच जाईल. म्हणून ‘डीफॉल्ट’ला, म्हणजे मुळातच करून दिलेल्या मांडणीला, मी ‘ठेवण’ म्हणेन. चेहऱ्याला असते तशी, आधीपासूनची. ठेवण ओळखीची राहावी आणि बेतायला जागा असावी, असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी हवेत.

प्रतिसाद (मोर्शी): ‘जिवावर बेतणे’ आठवतं ना पण?

प्रतिसाद (मेहकर): तिथं ‘वर’ आहे, अर्थ वेगळा पडतो. ‘बेतून घ्या’ म्हटलं की शिंपीच आठवतो.

प्रश्नकर्ती: आज वर्गात वापरून पाहिलं. आमच्या संगणकावर विंडोज ११ आहे, त्यात स्टार्ट मधोमध येतो. म्हटलं, "आपापल्या हाताप्रमाणे बेतून घ्या." एका काकूंनी लगेच तो डावीकडे नेला. म्हणाल्या, "इथंच राहू दे, माया हात इथंच जाते."