अपेंडिक्सची गाठ: ईयूएस करायचा की सरळ ऑपरेशन?

मधली_सून

सासऱ्यांचं वय ६७. मूतखड्याच्या संशयावरून सीटी स्कॅन केला. खडा काही सापडला नाही, पण अपेंडिक्स फुगलेलं निघालं. रिपोर्टमध्ये लिहिलंय: रुंदी १८ मिमी, आत द्रव, भिंतीत कॅल्शियम, म्युकोसीलची शक्यता. त्यांना दुखत-बिखत काही नाही. मग कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघणं) झाली. अपेंडिक्सच्या तोंडाशी गुळगुळीत फुगवटा दिसला, त्यावरून चिमट्याने तुकडा घेतला, तर बायोप्सी नॉर्मल. आता पोटाचे डॉक्टर म्हणतात एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (ईयूएस, म्हणजे दुर्बिणीतून आतूनच सोनोग्राफी) करून बघू, सर्जन म्हणतात कशाला, काढून टाकू.

बायोप्सी नॉर्मल म्हणजे गाठ साधीच ना? आणि ईयूएस करायचाच असेल तर त्याच वेळी सुई घालून नमुना का घेत नाहीत? स्वादुपिंडाच्या गाठीत तसं करतात असं वाचलं.

निवृत्त_दुर्बीणवाला

सूनबाई, आधी दुसरा प्रश्न, कारण त्यात धोका आहे. सुई घालायची नाही. कोणी सुचवलं तरी 'का' म्हणून विचारा. म्युकोसील म्हणजे आत चिकट म्युकस साठून फुगलेलं अपेंडिक्स. त्यामागे म्युकस तयार करणारी गाठ असू शकते. भोक पडून तो म्युकस पोटात सांडला आणि त्यात गाठीच्या पेशी असल्या, तर त्या पोटाच्या अस्तरावर रुजून म्युकस करतच राहतात. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी म्हणतात, आणि त्याचं ऑपरेशन अपेंडिक्सच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठं असतं. स्वादुपिंडाचा हिशोब इथे लावू नका.

बायोप्सीचं म्हणाल तर ती नॉर्मल येणारच होती. चिमटा आतड्याच्या वरच्या अस्तराचा तुकडा घेतो, आणि तुमचा फुगवटा अस्तराखाली आहे. त्या रिपोर्टवरून गाठ साधी की वाईट, काहीच ठरत नाही.

आता ईयूएस. जठर-स्वादुपिंडासाठीची नेहमीची ईयूएस दुर्बीण तिरकी बघते, टोकाला जाड आणि ताठ असते. ती मोठ्या आतड्याची वळणं पार करून उजवीकडे सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याची सुरुवात, जिथे अपेंडिक्स जोडलेलं असतं) न्यायची म्हणजे कसरत, आणि आतडं फाटण्याची भीती वेगळी. (माझ्या हाताखालच्या पोरांना मी तो हट्ट कधी करू दिला नाही.) म्हणून इथे बहुधा मिनीप्रोब वापरतात: साध्या कोलोनोस्कोपच्या चॅनेलमधून जाणारी बारीक तार, टोकाला १२ किंवा २० मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड. सीकममध्ये पाणी भरायचं आणि तार फुगवट्याजवळ धरायची. आतड्याच्या भिंतीचे पाच थर वेगवेगळे दिसतात आणि फुगवटा कुठल्या थरातला, की भिंतीबाहेरून दाबणारा, हे कळतं. आत काळं म्हणजे द्रव. म्युकोसीलमध्ये कधीकधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक थर दिसतात. ते दिसले की ओळख जवळजवळ पटलीच. मिनीप्रोबमधून सुई घालताच येत नाही, तेवढं एक बरं.

पण तुमच्याकडे १८ मिमी रुंदी आहे, भिंतीत कॅल्शियम आहे, फुगवटा नेमका तोंडाशी आहे. ईयूएसने म्युकोसील म्हटलं तरी ऑपरेशन, आणि नीट दिसलं नाही तरी ऑपरेशन. मग तपासणी कुणासाठी करायची?

काळी_पांढरी_चित्रं

मी रेडिओलॉजीत आहे. दुर्बीणवाले सर ईयूएसला जरा जास्तच झोडपतायत. सीटीत अपेंडिक्स वेगळं ओळखू येत नाही आणि दुर्बिणीत सीकममध्ये नुसता गोल उंचवटा दिसतो, तेव्हा मिनीप्रोब खरंच कामाचा. तिसऱ्या थरात पांढरीशुभ्र गाठ असेल तर ती लायपोमा, म्हणजे चरबीची. बहुतेक वेळा तिला हातही लावायला नको. कधी आत उलटलेलं अपेंडिक्सच पॉलिपसारखं (अस्तरावर वाढलेल्या कोंबासारखं) दिसतं. तो पॉलिप समजून तारेच्या फासाने कापला तर आतड्याला भोक. तिथे कापण्याआधी दोन मिनिटं अल्ट्रासाउंड बघणं शहाणपणाचं.

या केसमध्ये मात्र मीही सर्जनच्या बाजूने.

टोकावरची_गाठ

माझं उदाहरण उलटं आहे. अपेंडिक्सला सूज आली म्हणून तातडीने काढलं. सीटीत गाठ-बिठ काही नव्हती. पॅथॉलॉजीत टोकाशी ८ मिमीची न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठ निघाली. तिच्यासाठी पुढे काही करावं लागलं नाही. मला ईयूएस केला असता तर दिसली असती का?

निवृत्त_दुर्बीणवाला

नसती. मिनीप्रोबला जेमतेम दोनेक सेंटिमीटर खोलवरचं दिसतं. अपेंडिक्स लांबीला आठ-दहा सेंटिमीटर, आणि या जातीच्या बहुतेक गाठी टोकाला होतात. एक सेंटिमीटरच्या आतली, पूर्ण निघालेली गाठ असेल तर अपेंडिक्स काढणं हाच इलाज. दोनच्या वर असती तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याची चर्चा झाली असती.

मधली_सून

सर्जनना भेटून आले. ईयूएस रद्द. ते म्हणाले ऑपरेशन दुर्बिणीतून करू (लॅप्रोस्कोपी, पोटाला छोटी छिद्रं पाडून). पण ओढताना फुटलं तर? की पोट उघडूनच करायला सांगू?

निवृत्त_दुर्बीणवाला

दुर्बिणीतून की उघडून, हे त्यांच्या हाताला ठरवू द्या. तुम्ही इतकंच विचारा: अपेंडिक्स चिमट्यात न दाबता, अखंड, पिशवीत घालून बाहेर काढणार ना? पोटात आणखी कुठे म्युकस आहे का ते बघणार ना? आणि गाठ मुळापर्यंत आली असेल तर सीकमची थोडी कड सोबत घेणार ना? सर्जन अनुभवी असतील तर तुम्ही विचारण्याआधीच सांगतील.

कोलोनोस्कोपीत बाकीचं मोठं आतडं पूर्ण बघितलं का, तेही रिपोर्टमध्ये तपासा. अशा रुग्णांत कधी आतड्यात दुसरी गाठ सापडते. पॅथॉलॉजीचा कागद आला की आधी मुळाकडची कापलेली कड गाठीपासून मोकळी आहे का ते वाचा आणि मग इथे टाका.