कॅसेट भरणाऱ्यांनो, प्लेलिस्टवाल्यांना किती हिणवाल?

साइड-बी:
परवा इथे एका काकांनी आपल्या ४२ घरगुती कॅसेट्सचा फोटो टाकला. पाठीवर वळणदार अक्षरात गाण्यांची नावं, शेजारी गायक, कोपऱ्यात तारीख. खाली त्यांतल्या निवडक २० मराठी गाण्यांची यादी. इथवर छानच. पण जाताजाता टोला मारलाच: "अंगठ्याने गाणी गोळा करणाऱ्यांना गाण्याची किंमत काय कळणार?"

दोन दिवस गप्प बसले. आता नाही राहवत.

माझा जन्म १९८८ चा. शेवटशेवटच्या कॅसेट्स मीही भरल्यात. टू-इन-वनवर रेडिओ लावायचा, निवेदिकेचं वाक्य संपतंय न संपतंय तोच प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं. निम्म्या गाण्यांचा पहिला शब्द गायब, उरलेल्यांत कुकरची शिट्टी. आज ती शिट्टी ऐकून सगळे "अय्या, किती गोड" म्हणतात. मी तेव्हा रडले होते.

शिवाय किती जणांनी स्वतः भरल्या हो? कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठी आणि कोरी कॅसेट द्यायची, शनिवारी भरलेली आणायची. कष्ट दुकानदाराचे, मिरवणार आपण. काका, चिठ्ठी लिहून गाणी मागवणं म्हणजेच प्लेलिस्ट.

आणि वाट बघण्याचंच म्हणाल, तर १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण आठवड्याला एक गाणं असं लागायचं. घरात टेप नव्हता, हवं तेव्हा पुन्हा ऐकायची सोय नव्हती. त्या पिढीने तुमच्या ४२ कॅसेट्स बघून काय म्हणायचं? "बटण दाबलं की हवं ते गाणं! यांना काय किंमत?"

गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना भाच्याने १४ गाण्यांची यादी पाठवली. प्रत्येक गाणं का, ते एका ओळीत. दहावीतला मुलगा. अंगठ्यानेच केली होती.

टेपवेडा:
ते काका मीच. टोला होता, कबूल. पण तुम्ही मुद्दा चुकवलात. कष्टाचा नव्हे, जागेचा प्रश्न आहे. सी-९० ची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटं. तेरावं गाणं बसत नसेल तर तेरावं टाकायचं की तिसरं काढायचं, यावर मी रात्री घालवल्यात. कागदावर मिनिटं-सेकंदांच्या बेरजा. तुमच्या यादीत ३०० गाणी मावतात, म्हणून काही सोडावं लागत नाही. भाच्याचं कौतुक आहे, पण तो अपवाद.

साइड-बी:
म्हणजे ज्याच्यामुळे तुमचा मुद्दा पडतो, तो अपवाद. बरं.

खरखर:
दोघांचंही चालू द्या, पण आवाजाबद्दल कुणीच बोलत नाही. दुप्पट वेगाने डबिंग केलेल्या, वर्षानुवर्षं हेड न पुसलेल्या डेकवरच्या कॅसेट्सची आरती ओवाळताय. आणि निम्मी मंडळी डॉल्बी लावून भरायची, डॉल्बी बंद करून ऐकायची. मग "जुन्या गाण्यात कसा चकचकीत आवाज होता!" तो दोष होता.

चौकातला:
डॉल्बीचं नाव काढू नका. विसर्जनाला आमच्या खिडकीच्या काचा हादरतात. वडील हृदयरोगी. कुणाला सांगायचं?

खरखर:
अहो, ती डॉल्बी वेगळी. ही खरखर कमी करते.

चौकातला:
आमच्याकडची नाही करत.

मनमाडचा:
यादी वाचली. वीसच्या वीस भावगीतं. सुरेख आहेत, मलाही पाठ आहेत. पण "निवडक मराठी गाणी" असा मथळा आहे. प्रल्हाद शिंदे नाहीत, विठ्ठल उमप नाहीत, भीमगीतं रचणाऱ्या वामनदादा कर्डकांची एक ओळ नाही. वेसाव्याचं कोळीगीत नाही. ४२ कॅसेट्स आणि एवढीही जागा नाही?

टेपवेडा:
आवडती गाणी आहेत, जनगणना नव्हे. मी जात बघून गाणी ऐकत नाही.

मनमाडचा:
बघायची गरजच पडली नाही, तेच म्हणतोय.

माझे वडील रेल्वेत गँगमन. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे. येताना पुस्तक आणि कॅसेट, चुकायचं नाही. वस्तीत टेप दोन. एकावरून दुसऱ्यावर घ्यायला वायर कुणाकडे होती? दोन्ही टेप समोरासमोर ठेवायचे आणि अख्खी आळी गप्प. बायका भांडी थांबवायच्या, आम्हा पोरांना बाहेर हाकलायचे. तरी एका कॅसेटवर माझ्या आत्याचा खोकला आहे. आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. वायरने भरली असती तर तो खोकला आज नसता. अशा कॅसेटचा फोटो इथे कुणी टाकत नाही, कारण पाठीवर वळणदार अक्षर नसतं. काहीच लिहिलेलं नसतं. कुठली कुठली ते आम्हाला आवाजावरून कळायचं.

पेठेतला:
आता गाण्यातही हेच आणायचं का? कलेला दर्जा असतो. भावगीत कुठे, 'पोपट' कुठे.

मनमाडचा:
आनंद शिंद्यांच्या पोपटावर तुमच्या पेठेतल्या वरातीत कोण नाचलं नाही ते सांगा. नाचायला चालतो, यादीत चालत नाही. आणि दर्जाच काढलात म्हणून सांगतो. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच गेले. वामनदादा गावोगाव फिरून गायले. आयुष्य याच्यात घातलंय लोकांनी. "पोपट" म्हणून हातावेगळं करू नका.

पेठेतला:
मी एवढंच म्हटलं की...

साइड-बी:
जे म्हणालात ते सगळ्यांनी वाचलं. आता जरा थांबा. (आणि मूळ विषय प्लेलिस्टचा होता, याची आठवण फक्त मलाच आहे का?)

पेठेतला:
थांबतो. इथे एकाच बाजूचं ऐकायचं असेल तर बोर्ड लावा तसा.

टेपवेडा:
पेठेतल्या साहेबांशी मी सहमत नाही, आमची मोट एकत्र बांधू नका. पण मनमाडकर, तुमचाही सूर लागला. मी तुम्हाला ओळखत नाही, माझ्या घरात काय वाजायचं ते तुम्हाला माहीत नाही. आषाढीला पहाटे आई विठ्ठलाच्या गाण्यांची कॅसेट लावायची. कव्हर फाटलेलं, नाव गेलेलं. मोठा, मोकळा, पहाडी आवाज. आत्ता उठून लावून बघितली.

मनमाडचा:
मग?

टेपवेडा:
प्रल्हाद शिंदेच आहेत. हसा.

मनमाडचा:
हसत नाही. चाळीस वर्षं घरात होते, यादीत आले नाहीत, एवढंच.

चिपळूणची:
भांडण चालू दे, मी मध्ये बोलते. आमचे अब्बा कुवेतला. गावचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचे. एका बाजूला तिथे मिळालेली गाणी, हिंदी, अरबी, काहीही. दुसऱ्या बाजूला बोलणं. अर्धा तास. आंब्याला मोहोर किती, शाळेत कोण नापास, कौलं शाकारली का. अम्मा ऐकायची आणि त्याच बाजूवर आपलं उत्तर भरून परत पाठवायची. नवीन कॅसेटला पैसे कोण घालणार? म्हणजे दर वेळी अब्बांचा आवाज पुसला जायचा. आमच्याकडे फक्त एकच उरलीय, कारण धाकट्याने खेळताना मागचे तुकडे मोडले होते आणि त्यावर भरता येईना. त्या दिवशी त्याने मार खाल्ला. आता तोच सगळ्यांना सांगत फिरतो, मी वाचवली म्हणून.

साइड-बी:
हे प्लेलिस्टमध्ये होत नाही. मान्य. पण हे त्या काकांच्या ४२ मध्येही नाही, हे लिहून ठेवा.

खरखर:
ताई, फिलिप्सने १९६३ ला कॅसेट आणली तेव्हा ती मुळात बोलणं टिपून ठेवायला होती, संगीत नंतर घुसलं. म्हणजे या सगळ्या चर्चेत ती वस्तू नीट वापरली तुमच्या अब्बांनी. एक करा, ती सारखी वाजवू नका. पट्टी सुटली असेल तर पेन्सिलीने हलक्या हाताने गुंडाळा, हेड पुसलेल्या चांगल्या डेकवर एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. डॉल्बी बंद ठेवा.

चौकातला:
हे पटलं.

टेपवेडा:
ताई, डेक माझ्याकडे आहे, चालू स्थितीत. पुण्याला कुणी येणार असेल तर कॅसेट द्या, कुरिअरने नको. साइड-बी यांच्यासाठी: टोला मागे घेतो, यादी घेत नाही. मनमाडकरांसाठी: शेवटची तीन गाणी काढतो. ११ मिनिटं मोकळी होतात. काय घालू सांगा.

मनमाडचा:
११ मिनिटांत कव्वाली बसत नाही. रंगात आली की कापाल.

टेपवेडा:
मग काय, अख्खी बाजू पुसू?

मनमाडचा:
सी-१२० घ्या.

खरखर:
सी-१२० ची पट्टी पातळ असते. अडकते.