फुकुशिमा: भूकंपानंतर नेमकं काय झालं
भूकंपानेच जपानमधल्या फुकुशिमाची अणुभट्टी फुटली असं काही जण म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. ११ मार्च २०११ ला हादरा बसताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, पण बंद केली तरी इंधनाची उष्णता लगेच जात नाही, पाणी फिरवत ठेवावंच लागतं, आणि बाहेरची वीज गेलेली, त्यात त्सुनामीने तळघरातले डिझेल जनरेटर बुडवले, म्हणजे पाणी फिरवायला वीजच उरली नाही. कंट्रोल रूममध्ये अंधार, शेवटी माणसांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटर चालू केले!

मला जास्त त्रास होतो तो पुढचं वाचून. दीड लाखाच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पेशंटना तासन्‌तास बसमधून हलवलं आणि त्यात कितीतरी जण दगावले, रेडिएशनने नव्हे, या धावपळीने. त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं हो.