मार्चअखेर गुलमर्ग: पळणे आणि स्कीइंग दोन्ही करायचे आहे, दिवस कसा आखावा?

पळपुटा:
राहतो पुण्यात. २४ मार्च ते १ एप्रिल गुलमर्गला मुक्काम आहे. स्कीवर समांतर वळणे घेता येतात, पण आखलेल्या उताराबाहेरचा सराव जवळजवळ नाही. पळणे आठवड्याला ५० किमी. मेअखेर डोंगरातली शर्यत असल्याने आठ दिवस पळणे बंद ठेवता येणार नाही.

गोंधळ हवामानाचा आहे. एक अ‍ॅप ऊन दाखवते, दुसरे ३० सेंमी बर्फ, तिसरे पाऊस. त्यामुळे तीन प्रश्न. सकाळी पळून मग स्की करावी की उलट? हवा बिघडणार हे आदल्या दिवशी ओळखता येते का? आणि पळायला नेमके कुठे जायचे, रस्त्यावर बर्फ असतो ना?

घाटमाथा:
आठ दिवसांचे वेळापत्रक पुण्यातून करून नेऊ नका. काश्मिरीत या ऋतूला सोंथ म्हणतात, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. या दिवसांत सकाळी काय करायचे ते आदल्या रात्रीचे आभाळ ठरवते.

कारण असे. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता सरळ वर निघून जाते आणि थर पुन्हा गोठतो. हवेचे तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असले तरी गोठतो. ढग असतील तर ते गोधडीसारखे काम करतात आणि मग थंडी असूनही थर नीट गोठत नाही. म्हणून अ‍ॅपमधले रात्रीचे किमान तापमान एकटे बघून उपयोग नाही, ढग किती होते तेही बघा.

पहाटे हॉटेलच्या दारातल्या जुन्या बर्फावर बुटाची टाच मारा. कट्ट आवाज आला आणि टाच आत गेली नाही, तर रात्रीत बर्फ पक्का गोठला आहे. त्या दिवशी उताराची मजा उन्हाने वरचे दोन-तीन सेंमी सैल केल्यावर येते. दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे सुटे होतात आणि स्की त्यावर लोण्यासारखी वळते. त्याआधी गेलात तर नुसता खडखडाट, कडा पकडत नाही. उशिरा गेलात तर साबुदाण्याची लापशी.

अफरवट म्हणजे गुलमर्गलगतचा डोंगर, त्यावर दोन टप्प्यांत जाणारा रोपवे म्हणजे गोंडोला. अफरवटचा गोंडोलाकडचा उतार मुख्यतः पूर्व-ईशान्येकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन लवकर लागते. तिकडे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. निरभ्र दिवशी चांगला बर्फ साधारण दहा ते साडेबारा मिळतो, खालच्या टप्प्यावर त्याच्याही आधी संपतो. तेव्हा अशा दिवशी स्की आधी, पळणे नंतर. रात्र ढगाळ गेली असेल आणि टाच पहाटेच भसकन आत जात असेल, तर वरच्या उतारांचा नाद सोडा आणि पळून घ्या.

ताजा बर्फ पडल्यानंतरची पहिली उन्हाची सकाळ मात्र वेगळी. फोटोत सगळ्यात सुंदर दिसते आणि सगळ्यात धोक्याची तीच असते. जुन्या कडक थरावर नवा कोरडा बर्फ बसलेला असतो, त्याला पहिले ऊन लागले की तो एकदम निसटतो. त्या दिवशी गस्तीपथकाने खुल्या केलेल्या उतारांवरच राहा.

वायुभार:
हवेबद्दल. तिथे बर्फ आणि पाऊस आणतात ते पश्चिमी झंझावात. इराण-अफगाणिस्तानावरून येतात, मार्च-एप्रिलमध्ये दोघांत कधी चार दिवसांचे अंतर, कधी आठवड्याचे, कधी एकाला लागून दुसरा. येण्याआधी साधारण दिवसभर उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसतात, सूर्याभोवती खळे पडते, वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि हवा चक्क उबदार वाटते. ही ऊब फसवी. पुण्याहून आलेला माणूस तेव्हाच जॅकेट खोलीवर ठेवून निघतो.

तुमच्या घड्याळात बॅरोमीटर असेलच. गुलमर्गच्या उंचीवर, म्हणजे सुमारे २,६५० मीटरवर, हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ सुमारे ११ मीटर जास्त उंची दाखवते. रात्री झोपताना टेबलावर घड्याळ २,६५० दाखवत होते आणि सकाळी त्याच टेबलावर २,७०० दाखवते, तर तुम्ही वर गेलेले नाही, दाब चार-पाच हेक्टोपास्कलने पडला आहे. दुपारपर्यंत काहीतरी येणार. जीपीएसवरून उंची आपोआप जुळवून घेण्याची सोय मात्र रात्री बंद ठेवा, नाहीतर घड्याळ स्वतःच चूक दुरुस्त करून बसते आणि खूण हातातून जाते.

तीन अ‍ॅप तीन गोष्टी सांगतात, कारण प्रत्येकाने डोंगराची वेगळी उंची धरलेली असते. अंदाज किती मीटरसाठी आहे ते आधी बघा. नसेल दिलेले तर श्रीनगरचे तापमान धरून हिशेब करा. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. श्रीनगरला कमाल १४ असेल तर गुलमर्गला ७ आणि गोंडोलाच्या सर्वांत वरच्या स्थानकाजवळ, सुमारे ३,९५० मीटरवर, उणे १ ते २. म्हणजे खाली पाऊस आणि वर बर्फ एकाच वेळी, दोन्ही अ‍ॅप खरी. पावसाचा-बर्फाचा एकूण अंदाज श्रीनगरच्या हवामान केंद्राचा बघा, हिमस्खलनाचा इशारा चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा.

गोंडोला बहुतेक वेळा बर्फापेक्षा वाऱ्यामुळे बंद पडतो. वरचा टप्पा बंद म्हणजे दिवस वाया असे धरू नका, तोच पळण्याचा दिवस करा. मार्चअखेरीपासून दुपारी विजांचे ढगही बनू लागतात. गडगडाट ऐकू आला की उघड्या धारेवरून आणि एकट्या झाडाखालून निघायचे, हातातल्या काठ्या मोजत बसायचे नाही.

पायवाट:
पळण्याचे मी सांगतो. दोन जागा. गुलमर्गच्या मैदानाला वळसा घालणारा बाहेरचा रस्ता सुमारे ११ किमी आहे, चढउतार सौम्य, पण बराचसा जंगलातून जातो आणि मार्चअखेर त्याचे काही तुकडे बर्फाखाली असू शकतात. दुसरा टंगमर्ग ते गुलमर्ग घाट, १३ किमी आणि सुमारे ५०० मीटर चढ. सरासरी चढण चार टक्क्यांच्या आत, त्यामुळे न थांबता पळण्यासारखी.

घाट चढा, उतरू नका. टंगमर्गपर्यंत सुमोने जा आणि पळत वर या. उतारावर पळताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्याचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. आणि स्कीला नेमके तेच स्नायू लागतात. घाट उतरून पळालेला माणूस दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणाला बसकण मारतो.

वेळ. भल्या पहाटे नको. दिवसा रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांतून वितळलेले पाणी डांबरावर पसरते आणि रात्री त्याची काच होते. ओल्या डांबरासारखी दिसते, फरक एवढाच की ओले डांबर उन्हात वाफाळते. वळणाच्या सावलीतल्या बाजूला ती सकाळी उशिरापर्यंत टिकते. दुसरे असे की मार्चअखेर अस्वले हिवाळी झोपेतून उठतात, बिबट्याही आहे. पहाटे नि संध्याकाळी जंगलाच्या रस्त्याला एकट्याने, कानात इअरफोन घालून जाऊ नये. भटकी कुत्री आहेत, टोळीने अंगावर आली तर पळू नका, चालत जा.

स्कीच्या दिवशी पळायला अडीच ते चार बरे. संध्याकाळकडे सूर्य अफरवटमागे जातो आणि मैदानावर सावली झपाट्याने येते, तापमान काही मिनिटांत कोसळते. चारनंतर बाहेर असाल तर हेडलॅम्प आणि वाऱ्याचे जॅकेट कमरेला हवेच.

वेग विसरा. पुण्यात समुद्रसपाटीच्या ९३ टक्के हवेचा दाब असतो, गुलमर्गला सुमारे ७२ टक्के, वरच्या स्थानकावर ६१. पहिले दोन दिवस फक्त ५ ते ६ किमी, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने. रात्री डोके दुखले तर दुसऱ्या दिवशी वरचा टप्पा नाही.

कपडे: अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर पातळ वाऱ्याचे जॅकेट, बोटे एकत्र राहणारे हातमोजे. सुती बनियन घरी. हॉटेलमधून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या किलोमीटरला घामाने भिजाल. घाट चढून वर पोचल्यावर तोच घाम वाऱ्यात गार होतो, म्हणून कोरडा शर्ट झिपच्या पिशवीत बरोबर. मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायच्या टोकदार साखळ्या) बरोबर ठेवा, पण उघड्या डांबरावर लगेच काढा, टोके बोथट होतात. गुडदाणी थंडीत दगड होते, त्यापेक्षा खजूर किंवा बेसनाचा लाडू. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, तोंडाशी पाणी राहते. परत आल्यावर नून चहा घ्या, मिठाचा असतो, इलेक्ट्रोलाइट फुकटात.

पळपुटा:
खूपच उपयोगी. अजून थोडे. बूट वॉटरप्रूफ घ्यावेत का? आणि गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून एकट्याने उतरण्यात काय अडचण आहे? भाड्याची स्की घेताना काय बघायचे?

पायवाट:
पळायला वॉटरप्रूफ नको. चिखलबर्फात पाणी वरून, घोट्यातून आत येते आणि आलेले बाहेर जात नाही. जाळीचे बूट आणि लोकरीचे मोजे बरे. रात्री आत वर्तमानपत्र कोंबा, तासाने बदला. बुखारीला (खोलीतल्या शेगडीला) टेकवून वाळवलेत तर तळव्याचा गोंद सुटतो.

घाटमाथा:
पायवाट यांच्याशी बुटांबाबत अर्धा सहमत. चिखलबर्फासाठी बरोबर, पण ताज्या कोरड्या बर्फात चार-पाच किमी चालत-पळत जायचे असेल तर वॉटरप्रूफ बूट आणि वर गेटर (घोट्यापासून पोटरी झाकणारे आवरण) उबदार राहतो.

आता दुसरा टप्पा. एकट्याने नाहीच. वरच्या स्थानकापासून बाजूला निघालात की काही मिनिटांत तुम्ही आखीव उताराबाहेर असता. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गजवळ हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला, त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश. गाडला गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच हाती असतात, म्हणजे सोडवणारा जोडीदार तिथेच हवा. दोघांकडेही ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचे रेडिओ यंत्र), फावडे, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी). ट्रान्सीव्हरला कंपनीने सांगितलेलेच सेल घाला, बहुतेकांना अल्कलाइन लागतात, रिचार्जेबल नाही. मोबाइल आणि स्मार्टवॉच त्यापासून नेहमी किमान २० सेंमी दूर, शोध घेताना ५० सेंमी. मोबाइल छातीच्या त्याच खिशात ठेवणारे पदोपदी दिसतात.

बर्फ सांगतो तेव्हा ऐका. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले किंवा स्की काढून उभे राहिल्यावर पाय घोट्याच्या वर बुडू लागला की तो उतार त्या दिवसापुरता संपला. आणि अफरवटच्या पलीकडच्या बाजूला उतरू नका. पाकिस्तानकडची नियंत्रण रेषा जवळ आहे, ओळखपत्र नेहमी खिशात.

भाड्याच्या स्कीत आधी बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचा, आकडा. तुमचे वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये, हे सगळे विचारल्याशिवाय दुकानदाराने स्क्रू फिरवला तर दुसरे दुकान. चिखलबर्फात माणूस हळू आणि पीळ खाऊन पडतो, आकडा जास्त असेल तर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचे अस्थिबंध जातात. मग तळ बघा, पांढरट केसाळ दिसला तर मेण नाही. वसंतातल्या पाणथळ बर्फावर कोरडा तळ चिकटतो, स्की मध्येच थांबते आणि तुम्ही पुढे जाता. शून्याच्या वरच्या तापमानाचे मेण मागा, घासायची छोटी वडी स्वतःची न्या. वडी नसेल तर साधी मेणबत्ती घासली तरी एक-दोन फेऱ्या निघतात. बुटात एकच पातळ मोजा, दोन घातले की रक्त अडते आणि पाय उलट गार पडतात.

चष्म्याच्या दोन काचा न्या, उन्हाला एस-३ (गडद) आणि ढगाळ दिवसाला एस-१ (फिकट). एकच काळी काच घेऊन धुक्यात गेलात तर उतार वर जातो की खाली तेही कळत नाही. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही लावा, बर्फावरून ऊन खालून येते.

वायुभार:
एक राहिले. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. आणि परदेशातल्या मित्राने उसना दिलेला सॅटेलाइट मेसेंजर अजिबात आणू नका. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. साधे जीपीएस घड्याळ चालते.