हवा ३३ केली, सकाळी २९ निघाली. चुकतंय कुठे?

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी हॅचबॅक, टायर ट्यूबलेस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर चारही चाकांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय.

परवा भर दुपारी कोल्हापूरहून पुण्याला येताना साताऱ्यापुढे एका पंपावर हवा बघितली, तर सगळीकडे ३७-३८! हवावाला म्हणाला, "साहेब, उन्हात फुटेल." घाबरून ३३ वर आणली. आज सकाळी पार्किंगमध्ये माझ्या गेजने बघतो तर तीन चाकांत २९ आणि मागच्या डाव्या चाकात २५. हे डावं चाक आधीपासूनच नाटकं करतंय, पण पंक्चरवाल्याला खिळा काही सापडला नाही.

गेज बिघडलंय का? मेहुणे म्हणतात टायरवर ५१ छापलंय, तेवढी भर. शिवाय साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायचा सल्ला आहेच. पंप चार किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत टायर परत तापणार!

प्रतिसाद :
गेज ठीक आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. हायवेवर तापून चार-पाच पीएसआय वाढणारच, ते धरूनच टायर बनवतात. तुम्ही तापलेल्या टायरमधली हवा काढलीत, गार झाल्यावर तो २९ वर आला. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि फुटायची भीती खरी तिथे.

५१ ही त्या टायरची कमाल मर्यादा, भरायचा आकडा नव्हे. (मेहुण्यांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा.) नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

सकाळी गार टायरमध्ये जेवढी कमी निघाली तेवढीच भरायची: पंपावर जे रीडिंग दिसेल त्यात ४ वाढवा, डाव्या चाकात ८. मग त्या चाकाच्या व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा. स्टेपनी कधी बघितली होती?

धागाकर्ता :
व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक बुडबुडे आले! आतली पिन बदलून घेतली, चार दिवस झाले, ३३ टिकून आहे. स्टेपनीत १४ निघाली. गाडी घेतल्यापासून बघितलीच नव्हती.